पंचेचाळीस विद्यार्थी, एक तास आणि नोंदी नसलेलं कपाट

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. काही महिन्यांपूर्वी दुर्मीळ संग्रह माझ्याकडे सोपवला गेला. त्यात जुनी पुस्तकं, थोडी हस्तलिखितं, वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, नकाशे, फोटो आणि एका माजी प्राध्यापकांच्या कागदपत्रांची चाळीस खोकी आहेत. निम्म्याहून जास्त गोष्टींची तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या शोधयादीत, नोंदच नाही, फक्त जुन्या दाखल नोंदवहीत एकेक ओळ आहे. आता इतिहास विभागातल्या मॅडमना त्यांचे ४५ विद्यार्थी एका तासासाठी आणायचे आहेत. ‘काहीतरी छान दाखवा’ एवढंच त्या म्हणाल्या. आमचे ग्रंथपाल सर म्हणतात, मुलांच्या हातात मूळ प्रती द्यायच्या नाहीत, काचेतून दाखवा. मागच्या वर्षी तसंच दाखवलं होतं आणि त्यातला एकही विद्यार्थी नंतर फिरकला नाही. मी आधी नोंदी पूर्ण करू की वर्ग घेऊ? आणि घ्यायचा तर कसा?

— एक साहाय्यक ग्रंथपाल

उत्तर

नमस्कार,

‘आधी नोंदी की आधी वर्ग’ असा प्रश्न घातला की उत्तर नेहमी ‘आधी नोंदी’ असंच येतं. ते चुकीचं वाटतही नाही. पण नोंदी कधीच संपत नाहीत, म्हणून वर्गही कधी होत नाही. तेव्हा ही दोन कामं वेगळी धरूच नका. एकच नियम स्वतःला घालून घ्या: वर्गासाठी कपाटातून बाहेर आलेली वस्तू पूर्ण नोंद झाल्याशिवाय परत कपाटात जाणार नाही. वर्गाची तयारी करताना तुम्ही ती वस्तू पाहणारच आहात. ती काय आहे, कोणी केली, कुठे फाटली आहे, कोणतं पान बोलकं आहे हे सगळं टिपणार आहात. नोंदीचं ऐंशी टक्के काम तिथेच उरकतं. ते टिपण एखाद्या वहीत पडून राहिलं, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालातरी ते पहिल्यापासून करावं लागतं.

उरलेल्या कपाटाचं काय, हा प्रश्न राहतो. त्याला एकेक वस्तू घेऊन बसू नका. मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या अमेरिकन अभिलेखपालांनी २००५ मध्ये मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो: प्रत्येक खोक्यातली प्रत्येक पिन काढत, प्रत्येक कागद लावत बसलं की अनुशेष वाढतच जातो आणि वाचकाला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा सगळ्या संग्रहाची ढोबळ माहिती लवकर बाहेर यावी. प्राध्यापकांच्या चाळीस खोक्यांची मिळून एकच नोंद करा. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जच्या वर्णन-मानकात एकूण २६ घटक आहेत, पण अत्यावश्यक सहाच: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, आकारमान आणि वर्णनाची पातळी (म्हणजे वर्णन सगळ्या संग्रहाचं आहे, एका फायलीचं की एका कागदाचं). आकारमान रॅकवर मोजायचं. साडेबारा सेंटिमीटर रुंदीची ४० खोकी म्हणजे ५ मीटर. या सहांना शंभर शब्दांचं वर्णन आणि वापरावरच्या अटी जोडल्या की वाचकाच्या दृष्टीने हा संग्रह अस्तित्वात आला. मग प्रत्येक खोकं उघडून आत कसल्या फायली आहेत त्याची एकेक ओळ लिहा. एका खोक्याला पंधरा मिनिटं धरली तर चाळीस खोक्यांना दहा तास लागतात. रोज दुपारी एक तास काढलात तर दोन आठवड्यांत संपेल.

आता मॅडमकडे वळू. ‘काहीतरी छान दाखवा’ ही मागणी जशीच्या तशी स्वीकारू नका. ती दिसायला सोपी असली तरी सगळ्यांत जास्त मेहनत खाते, कारण काय छान हे तुम्हीच ठरवायचं आणि ते अभ्यासक्रमाशी जुळलं नाही तर तासभर प्रदर्शन होऊन मुलं घरी जातात. त्यांना अर्धा तास भेटा आणि विचारा: हा वर्ग सत्राच्या कितव्या आठवड्यात आहे, तोवर मुलांनी काय वाचलेलं असेल, वर्गानंतर ती काय लिहून देणार आणि त्याला किती गुण. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गुण नसतील तर विद्यार्थी परत येणार नाहीत. मागच्या वर्षी कोणी फिरकलं नाही त्याचं निम्मं कारण बहुधा हेच. संग्रहातली एक वस्तू पुन्हा येऊन पाहिल्याशिवाय लिहिताच येणार नाही असा एक-दीड पानाचा छोटा स्वाध्याय त्यांच्याकडून कबूल करून घ्या. वर्गात त्या स्वतः हजर राहणार हेही ठरवून टाका. इतिहास त्या शिकवतील, कागद हाताळणं आणि शोधणं तुम्ही. शिक्षक मुलांना सोडून चहाला गेले की मुलांनाही कळतं, हा तास मोजायचा नाही. आणि तयारीला तीन आठवडे लागतील, हे आधीच सांगा.

४५ जण एकदम नकोत. १५-१५ च्या तीन तुकड्या करा. वेळापत्रकात बसत नसेल तर तीन आठवडे फिरता क्रम लावा: एक तुकडी तुमच्याकडे, दुसरी संगणक-कक्षात तालिकेतून आणि डिजिटल वर्तमानपत्रांतून शोध घेण्याच्या सरावाला, तिसरी मॅडमनी नेमून दिलेल्या वाचनाला. पंधरा विद्यार्थ्यांमागे खोलीत ग्रंथालयाची दोन माणसं हवीत. एक शिकवायला, एक फक्त टेबलांकडे लक्ष ठेवायला. शिकवणारा माणूस पहारा देऊ शकत नाही.

वस्तू किती काढायच्या? नवख्या माणसाच्या हातून हमखास वीस-पंचवीस निघतात. पाच पुरेत. पाच टेबलं, प्रत्येकावर तीन विद्यार्थी आणि एक वस्तू किंवा वस्तूंची एक जोडी. सहावी वस्तू तुमच्या प्रात्यक्षिकासाठी, सातवी राखीव, कारण आदल्या दिवशी एखादीची बांधणी सुटलेली सापडतेच. संग्रहातली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट मात्र यात ठेवू नका. पंधराच्या पंधरा जण तिथे गोळा होतात आणि बाकीची चार टेबलं ओस पडतात.

निवड करताना जोड्या शोधा, कारण एकट्या वस्तूपेक्षा दोन वस्तूंमधला फरक जास्त बोलतो. एकाच प्रदेशाच्या नकाशाच्या दोन आवृत्त्या, एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं, एकाच पाठ्यपुस्तकाची कोरी प्रत आणि समासात विद्यार्थ्यांनी गिरगटलेली प्रत. तुमच्याकडच्या प्राध्यापकांच्या खोक्यांत तर शिकवण्यासाठी फारच चांगला माल असणार. व्यक्तिगत कागदपत्रांत सहसा आलेली पत्रं असतात. पाठवलेली पत्रं पलीकडच्या माणसाकडे गेलेली असतात. म्हणजे संवादाची एकच बाजू हाती येते. एखाद्या पत्राची पातळ कागदावरची कार्बन प्रत सापडली तर ती आणि तिला आलेलं उत्तर एका टेबलावर ठेवा. दुसऱ्या टेबलावर नुसतंच आलेलं पत्र ठेवा आणि विचारा, ‘याचं उत्तर आज कुठे असेल?’ ते उत्तर मूळ पत्र पाठवणाऱ्याच्या संग्रहात असेल, म्हणजे कदाचित दुसऱ्याच संस्थेत, हे ज्याला स्वतःहून सुचलं त्याला अभिलेखागार कसं चालतं ते कळलं. यावर वीस मिनिटांचं भाषण देऊन जे साधत नाही ते या एका प्रश्नाने साधतं.

इथे एक सावधगिरी. व्यक्तिगत कागदपत्रांत आजारपणाचे कागद, विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं, कौटुंबिक भांडणं असं सगळं सापडतं आणि त्यातली माणसं हयात असू शकतात. वर्गात जाणारी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचून काढा. नुसती चाळू नका. संग्रह देणाऱ्याने देणगीपत्रात काही अटी घातल्या आहेत का तेही बघा.

आता तुमच्या सरांचा मुद्दा. त्यांची काळजी खोटी नाही, पण ‘मूळ प्रत देऊ नये’ हा सरसकट नियम वस्तूची अवस्था न पाहता केलेला आहे. जुनं ते नाजूक असं गणित नसतं. चिंध्यांपासून केलेला सोळाव्या-सतराव्या शतकातला हातकागद आजही लवचीक असतो आणि पंधरा जणांनी नीट हाताळला तर त्याला काही होत नाही. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातल्या आम्लामुळे शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र पान उलटताना तुटतं. म्हणजे काचेआड ठेवलेला जुना ग्रंथ निर्धास्तपणे हाताळता येईल आणि सर्रास उघड्या रॅकवर असलेला वर्तमानपत्राचा खंड मात्र मुळीच देऊ नये, असं सहज घडतं. तेव्हा सरांशी वाद घालण्यापेक्षा प्रत्येक वस्तूची तीन गटांत विभागणी करून त्यांच्यापुढे ठेवा.

पहिला गट विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळायचा: बांधणी घट्ट, कागद वाकतो, शाई उडत नाही. दुसरा गट विद्यार्थ्यांनी जवळून पाहायचा, पण पानं कर्मचाऱ्याने उलटायची: कण्याला भेग, मोठे घडीचे नकाशे, चामड्याची लाल भुकटी हाताला लागणारी बांधणी. तिसऱ्या गटात वर्गात फक्त प्रतिकृती न्यायची. ठिसूळ वर्तमानपत्रं, शाईने कागद खाल्लेली हस्तलिखितं आणि बुरशीचा संशय असलेलं काहीही त्यात येतं. लोह-माजूफळाची जुनी शाई कागदाला आतून कुरतडते. अक्षरांच्या जागी तपकिरी छिद्रं दिसू लागली की ते पान वाकवायचंच नाही. कागद ठिसूळ झालाय का हे बघायला कोपरा दुमडून पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. ती वापरू नका, कोपरा जातो. पान हलकेच उचलून ते स्वतःच्या वजनाने वाकतं का एवढं पाहिलं तरी कळतं. तिसऱ्या गटातल्या दोन गोष्टी तर वेगळ्याच काढून ठेवा. नायट्रेटची जुनी फिल्म ज्वालाग्राही असते, ती वर्गात आणायचीच नाही आणि तज्ज्ञाला दाखवायची. एकोणिसाव्या शतकातल्या झगझगीत हिरव्या कापडी बांधणीच्या रंगात आर्सेनिक असू शकतं. अशी पुस्तकं पॉलिथिनच्या पिशवीत वेगळी ठेवा, आणि कर्मचाऱ्यांनीही नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) मोज्यांशिवाय हात लावू नये.

मोज्यांवरून सरांशी बहुधा खटका उडेल, कारण पांढरे सुती मोजे म्हणजे काळजी असं दृश्य सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं आहे. कागदासाठी आणि पुस्तकांसाठी ते वापरू नका. बोटांना पानाची जाडी कळेनाशी होते, पान पकडताना फाटतं, सुताचे धागे फाटक्या कडेत अडकतात आणि मोजा एका पानावरची धूळ दुसऱ्यावर नेतो. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे केले की झालं. सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही, त्याचा थर बोटांवर राहतो. मोजे लागतात ते फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंसाठी, आणि तेही नायट्राइलचे.

खोलीतल्या सामानाला मोठा खर्च नाही. प्रत्येक पुस्तकाखाली दोन्ही बाजूंनी उतरते फोमचे आधार हवेत, म्हणजे पुस्तक सपाट १८० अंशांत उघडलं जाणार नाही. बहुतेक जुन्या बांधण्यांना ९० ते १२० अंश पुरेसे असतात. पान उघडं राहावं म्हणून कापडी नळीत छोटे जड मणी भरून केलेली लांबट वजनं ठेवा. पेन्सिली, दोन भिंगं, मोजपट्टी आणि एक सपाट टॉर्च लागेल. टॉर्च बाजूने आडवी धरली की कागदाचा पोत आणि छपाईचा दाब दिसतो. पेनं, पाण्याच्या बाटल्या आणि बॅगा बाहेर. पानाला खूण करायची ती आम्लरहित कागदाच्या पट्टीने. चिकटपट्टीच्या खुणचिठ्ठ्या नकोत, त्यांचा डिंक काढल्यावरही राहतो. थंड साठवण-खोलीतून वस्तू आणत असाल तर ती आदल्या दिवशीच बाहेर काढून तिच्या खोक्यातच बंद राहू द्या. थेट उबदार खोलीत उघडली तर तिच्यावर बाष्प धरतं.

चोरीची भीती सरांनी बोलून दाखवली नसेल, पण मनात असणार. सुट्या कागदांच्या फायलीत एका वेळी दहापेक्षा जास्त पानं ठेवू नका. प्रत्येक पानावर मऊ पेन्सिलीने बारीक क्रमांक घाला आणि वर्ग सुरू होताना व संपताना विद्यार्थ्यांसमोरच मोजा. कोणावर संशय न घेता नुसतं मोठ्याने मोजलं की पुरतं.

तासाची मांडणी साधी ठेवा. पहिली पाच मिनिटं हात धुणं आणि बॅगा ठेवणं. पुढची पाच तुमचं प्रात्यक्षिक: पुस्तक कसं उचलायचं (कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही, दोन्ही बाजूंनी धरायचं), पान कुठून उलटायचं, वजन कसं ठेवायचं. मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रत्येक त्रिकूट आधी आपली वस्तू पाहील, मग शेजारच्या टेबलावर जाईल. त्यानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून चर्चा, शेवटची पाच पुढच्या कामाला. पाचही टेबलं सगळ्यांनी बघावीत असा मोह होतो. त्यात पाच-पाच मिनिटांत मुलं फक्त वरवर नजर टाकतात आणि प्रत्येक वस्तू जास्त हातांतून जाते. या मांडणीत एका तुकडीत एका वस्तूला सहा जण हात लावतात, तीन तुकड्या मिळून अठरा. सरांना हा आकडा सांगा. ‘४५ मुलं’ ऐकून त्यांना जे वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी आहे.

प्रत्येक टेबलावर ठेवायची प्रश्नपत्रिका एका पानाची असावी आणि तिचा क्रम पाळला जावा. पहिली पाच मिनिटं मजकूर वाचायचाच नाही: आकार मोजा, कागद कसा आहे, घड्या कुठे पडल्यात, कोणते शिक्के, डाग, खुणा आहेत, कोणतं पान जास्त मळलं आहे. मुलं मजकुरावर झेपावतात आणि वस्तू पाहायची राहते, म्हणून हा निर्बंध. त्यानंतर खूण केलेलं एकच पान वाचायचं. हस्ताक्षर अवघड असेल तर त्याच हातच्या अक्षरांचा छोटा तक्ता आणि अर्ध्या पानाचं वाचून दिलेलं लिप्यंतर टेबलावर ठेवा. नाहीतर पंधरा मिनिटं पहिल्या ओळीवरच जातात. मग विचारा: हे कोणी, कोणासाठी केलं? यात कोणाचा आवाज नाही? हे खरं मानायला आणखी कोणता कागद बघावा लागेल? ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न टाळा, त्याला कागद न पाहताही उत्तर देता येतं. अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनांनी २०१८ मध्ये प्राथमिक साधनांच्या साक्षरतेसाठी, म्हणजे मूळ कागद आणि वस्तू शोधून वाचता येण्यासाठी, एकत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातली उद्दिष्टं चांगली आहेत, पण एका तासाला त्यातली एक किंवा दोनच घ्या. सगळी घेऊ पाहणारा वर्ग कुठेच पोचत नाही.

शेवटचा प्रश्न मात्र प्रत्येक पत्रिकेवर सारखाच ठेवा: ‘ही वस्तू तालिकेत शोधायची तर तुम्ही कोणते पाच शब्द टाकाल?’ आपण विषयशीर्षकं देतो ती ठरावीक यादीतून, आणि विद्यार्थी शोधतो त्याच्या शब्दांत. दोघांची गाठ पडतेच असं नाही. आलेले शब्द तपासून घ्या आणि योग्य ते ‘मार्क’ (MARC, ग्रंथालयाच्या संगणकीय नोंदींचा साचा, ज्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं) नोंदीच्या ६५३ क्षेत्रात, म्हणजे अनियंत्रित संज्ञांच्या जागी, भरा. वर्गाने तालिकेत घातलेली ही खरी भर, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच शब्दाने येऊन पोचतो.

नोंदीत आणखी काही क्षेत्रं शिकवण्याच्या दृष्टीने फार कामाची आहेत आणि नेमकी तीच कोरी सोडली जातात. ६५५ मध्ये वस्तूचा प्रकार: पत्र, रोजनिशी, हिशेबवही, जाहिरात, नकाशा. प्राध्यापक विषयापेक्षा प्रकार मागतात, ‘मला रोजनिशा हव्यात’ असं. ५६१ मध्ये ती कोणाकडून आली, ५६३ मध्ये बांधणी, ५२० मध्ये सारांश, ५०६ मध्ये पाहण्यावरची बंधनं, ५४० मध्ये वापरावरच्या अटी. स्थानिक टिपेच्या ५९० क्षेत्रात ‘कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या वर्षी वापरली, कोणतं पान’ एवढं लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या विभागाचे सर आले की यादी पाच मिनिटांत निघते. हाताळणीचा गट आणि त्यामागचं कारणही तिथेच असू द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असताना कोणी ठिसूळ खंड विद्यार्थ्याच्या हातात ठेवणार नाही.

देवनागरीतल्या नोंदी असतील तर एक वेगळंच दुखणं आहे. तालिकेत ‘हिन्दी’ लिहिलंय आणि वाचक ‘हिंदी’ टाकतो. जुन्या मुखपृष्ठावरच्या शब्दावर जादा अनुस्वार आहे आणि वाचक तो देत नाही. ‘ऱ्य’ तर संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, त्यातल्या एकीत न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधात एकमेकांना सापडत नाहीत. आकडे देवनागरी की रोमन, हाही घोळ आहेच. शोधयंत्रणा हे फरक आपोआप मिटवते का, ते दहा शब्द टाकून स्वतः तपासा. मिटवत नसेल तर पर्यायी शीर्षकाच्या २४६ क्षेत्रात दुसरं रूप द्या. मूळ शीर्षक जसं छापलंय तसंच राहू द्या. विद्यार्थी ‘तुमच्याकडे काहीच नाही’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा वस्तू असते, फक्त अनुस्वार आडवा आलेला असतो.

स्कॅनिंगचा विषय निघेलच. सगळ्या संग्रहाचं डिजिटायझेशन हा वेगळा, पैशांचा प्रकल्प आहे. त्याच्यासाठी थांबू नका. वर्गात खूण केलेली पानं तेवढी स्कॅन करा: छापील मजकुराला ३०० पीपीआय (एका इंचात ३०० बिंदू) चालतं, हस्तलिखिताला आणि नकाशाला ४०० घ्या. पानाशेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा, मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, वाचकाला जेपेग किंवा पीडीएफ द्या. फाईलच्या नावात दाखल क्रमांक आणि पान क्रमांक असू द्या. ‘नवीन स्कॅन अंतिम २’ अशा फायली वर्षभराने कोणालाच ओळखू येत नाहीत. हक्क तपासल्याशिवाय सर्वांसाठी खुलं करू नका. आणि स्कॅन म्हणजे मूळ प्रत नव्हे हे शिकवायला एका टेबलावर दोन्ही शेजारी ठेवा. जलचिन्ह, कागदाची जाडी आणि कण्याच्या आत दडलेली समासातली टीप स्कॅनमध्ये हरवते, हे मुलांना स्वतःला दिसू द्या.

ज्या विद्यार्थ्याला नीट दिसत नाही त्याला नुसता चित्र-पीडीएफ पाठवून उपयोग नाही, त्याचं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातलं एक अक्षर वाचत नाही. लिप्यंतर मजकूर-फाईल म्हणून दोन दिवस आधी पाठवा आणि वस्तूचं वर्णन त्रिकुटातल्या कोणीतरी मोठ्याने करावं असंच काम लावा. इतरांचंही निरीक्षण त्यातून सुधारतं. एका टेबलाभोवती व्हीलचेअर वळेल एवढी जागा सोडा.

शेवटच्या पाच मिनिटांवर मात्र कंजुषी नको. मागच्या वर्षीची मुलं परत का आली नाहीत, याचं उरलेलं अर्धं कारण इथे आहे: त्यांना परत कसं यायचं तेच माहीत नव्हतं. तोंडी ‘पुन्हा या’ म्हणून भागत नाही. प्रत्येकाने वर्गातच वाचनकक्षाची सदस्य-नोंदणी करावी आणि स्वाध्यायासाठी हवी ती वस्तू मागण्याची चिठ्ठी खऱ्या दाखल क्रमांकासह भरावी. सातही वस्तू पुढचे दोन आठवडे वाचनकक्षातच राखून ठेवा, म्हणजे चिठ्ठी दिल्यावर दहा मिनिटांत वस्तू हातात येईल. वाचनकक्षाची वेळ आणि त्यांच्या तासांची वेळ एकच असेल तर त्या दोन आठवड्यांत निदान दोन दिवस संध्याकाळी सात वाजेपर्यंत उघडं ठेवता येतं का बघा. विभागप्रमुखांचं शिफारसपत्र वगैरे अटी असतील तर या अभ्यासक्रमापुरत्या माफ करून घ्या. एकोणीस वर्षांचा मुलगा शिफारसपत्र आणायला जातो आणि परत येत नाही.

किती आले याचा हिशेब ठेवा, पण वर्गातली उपस्थिती मोजून समाधान मानू नका. एक साधी एक्सेल शीट करा: तारीख, अभ्यासक्रम, वस्तू, विद्यार्थी आणि वर्गानंतर सत्र संपेपर्यंत त्याच अभ्यासक्रमाच्या मुलांनी किती चिठ्ठ्या भरल्या. नव्या झालेल्या नोंदी शेवटच्या रकान्यात. पुढच्या वर्षी मनुष्यबळ किंवा फोमच्या आधारांसाठी पैसे मागाल तेव्हा हे दोन रकानेच तुमच्या बाजूने बोलतील.

सरांकडे जाताना संपूर्ण योजना नेऊ नका. एका पानावर एका तुकडीचा प्रस्ताव न्या: सात वस्तूंची नावं, प्रत्येकीचा गट व कारण, पंधरा विद्यार्थी, दोन कर्मचारी, पानांची मोजणी. पहिल्या तुकडीला त्यांनाच दुसरा कर्मचारी म्हणून खोलीत बसायला सांगा. वर्गाआधी आणि नंतर प्रत्येक वस्तूचे फोटो काढून त्यांना दाखवा. काही बदल दिसला तर ती वस्तू दुसऱ्या गटात हलवा आणि पुढच्या तुकडीला राखीव वस्तू घ्या. तारीख सत्राच्या चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यातली मागा. पहिल्या तीन आठवड्यांत प्रवेश आणि वेळापत्रकं हलत असतात, आणि आठव्यानंतर मुलांचं लक्ष परीक्षेकडे लागलेलं असतं.